वाचकांचे प्रश्न : दोन हजारांच्या आत गाण्यांचा प्लेअर कोणता घ्यावा?

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. भजनं, दशावताराची रेकॉर्डिंग आणि नाट्यगीतं ऐकते. स्मार्टफोन तिला झेपत नाही आणि पावसात इथलं नेटवर्क भरवशाचं नसतं. दोन हजारांच्या आत काय घ्यावं? (मालवण)

उत्तर : या किमतीत तीन प्रकार मिळतात : छोट्या स्क्रीनचा एमपीथ्री प्लेअर, कार्ड आणि पेनड्राइव्ह चालणारा एफएम स्पीकर, आणि मेमरी कार्ड घेणारा साधा बटणांचा फोन. तुमच्या आईंसाठी स्पीकरच घ्या. इयरफोन कानात घालून तासन्‌तास बसणं त्या वयात नकोसं होतं, शिवाय स्पीकरची बटणं मोठी असतात. बटणं दाबल्यावर टक्‌ अशी जाणवणारीच हवीत. नुसत्या स्पर्शाने चालणारी सपाट बटणं ओल्या किंवा घामेजल्या बोटांना नीट दाद देत नाहीत.

दुसरी अट बॅटरीची. मागचं झाकण उघडून बीएल-५सी बॅटरी बदलता येते असाच सेट घ्या. नोकियाच्या जुन्या फोनमधली ती हीच. ३.७ व्होल्टची ही बॅटरी अजून कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. आत चिकटवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकली की चांगला चालणारा सेट भंगारात जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. दशावतार रात्रभर चालतो, त्यामुळे त्याची एकेक फाइल चार-पाच तासांची असते. स्वस्त सेट बंद करून पुन्हा लावला की बरेचदा पहिल्या गाण्यापासून सुरू होतो. गणपतीच्या नमनापलीकडे आई कधी जाणारच नाहीत! म्हणून दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्या. त्यात दोन गाणी आणि एक लांब फाइल ठेवा. लांब फाइल दहा मिनिटं पुढे न्या, सेट बंद करा, मिनिटभराने चालू करा. त्याच जागी लागली तर सेट घ्या, नाहीतर दुसरा दाखवायला सांगा. घरी असा विसराळू सेट आधीच असेल, तर संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये फाइलचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा आणि त्यांना ००१, ००२ असे क्रमांक द्या.

हजारो गाणी आधीच भरून येणारे रेडिओही मिळतात. त्यातली गाणी काढता किंवा बदलता येत नाहीत, आपली गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवरून लावावी लागतात. आईंची आवड गावच्या भजनीबुवांची आणि दशावताराची असेल, तर त्या भरलेल्या गाण्यांचे पैसे कशाला मोजायचे?

प्रश्न : वर्षापूर्वी घेतलेल्या छोट्या प्लेअरवर आता वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. जुनी नाट्यगीतं तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. प्लेअर गेला का? (वेंगुर्ला)

उत्तर : बहुतेक गेलेला नाही. तुम्ही लक्षण इतकं नेमकं लिहिलं आहे की दोष तिथेच पकडता येतो.

इयरफोनच्या साध्या पिनेवर तीन भाग असतात : टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि मागचा भाग दोघांची सामाईक परतीची वाट, म्हणजे ग्राउंड. ही परतीची वाट तुटली की डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक कानावर येतो आणि दोन्हींत सारखं असलेलं एकमेकांना खोडून काढतं. गायकाचा आवाज बहुधा मधोमध, दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तो नाहीसा होतो. जुनी रेकॉर्डिंग मोनो असतात, म्हणजे सगळंच दोन्हीकडे सारखं. म्हणून ती पूर्णच बुडतात.

पहिली चाचणी : माइकवाला इयरफोन असेल तर माइकचं बटण दाबून धरा. आवाज परत आला तर पिनेची जोडणी प्लेअरशी जुळत नाही. बिनमाइकचा, तीन भागांच्या पिनेचा साधा इयरफोन लावा, काम झालं. फरक पडला नाही तर दुसरा इयरफोन लावून पाहा. त्यानेही तेच होत असेल, तर खारी हवा आणि दमट खिसा यांनी सॉकेटच्या, म्हणजे पिन घालायच्या भोकाच्या, आतल्या पत्रीवर काळा किंवा हिरवट थर चढवलेला असणार. किनाऱ्यावर हे सारखं घडतं.

प्लेअर बंद करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दातकोरणीला कापसाचा पातळ, घट्ट पीळ द्या, आयपीएत भिजवा, निथळू द्या आणि सॉकेटमध्ये हलकेच फिरवा. मग इयरफोनची पिन पुसून दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, घासण्यानेच थर सुटतो. अर्धा तास सुकू द्या आणि मगच चालू करा. पॉलिश पेपर लावू नका. वरचा मुलामा निघाला की गंज आणखी लवकर येतो. एवढं करूनही पिन हलवल्यावर आवाज येत-जात असेल, तर सॉकेटचा सोल्डरिंगचा टाका तडकला असणार. मोबाइल दुरुस्तीवाला तो पुन्हा मारून देतो, नवा प्लेअर घ्यायची गरज नाही.

पावसाळ्यात प्लेअर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या टाका. रंगीत दाणे घ्या, म्हणजे ओल भरली की रंग बदलून कळतं. नारिंगी दाणे हिरवे पडतात. मग ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास मूळ रंग येईपर्यंत तापवले की पुन्हा वापरता येतात. निळे दाणे घरात लहान मुलं असतील तर आणू नका, त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. तांदळात ठेवण्याचा उपाय मात्र सोडून द्या. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि सॉकेटमध्ये पीठ जातं ते वेगळंच.

प्रश्न : ६४ जीबीचं कार्ड प्लेअर घेत नाही. ३२ जीबीचं घेतो, पण गाणी भलत्याच क्रमाने लागतात आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. (गुहागर)

उत्तर : कार्डावर फाइल मांडून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतं, स्वस्त प्लेअरला बहुधा फॅट३२ ही पद्धतच वाचता येते. ३२ जीबी पुष्कळ आहे : १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटचं) गाणं मिनिटाला साधारण एक एमबी घेतं, म्हणजे ५०० तासांहून जास्त गाणी मावतात. नवीन कार्ड घेतलं की संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड ३२ जीबी दाखवतं आणि आत ८ च असतात. मग गाण्यांची नावं दिसतात, पण ती वाजत नाहीत.

क्रमाचं कारण असं, की असे प्लेअर अक्षरक्रम बघत नाहीत. कार्डावर फाइल ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. ‘ड्राइव्हसॉर्ट’ हा मोफत प्रोग्राम तो क्रम नावांप्रमाणे लावून देतो. चौकोन दिसतात कारण प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नसतो. फाइलची नावं रोमन अक्षरांत करा. तरी चौकोन राहिले तर प्लेअर फाइलच्या आतला टॅग, म्हणजे आत नोंदलेलं गाण्याचं नाव, दाखवतो आहे, तो ‘एमपीथ्रीटॅग’ या प्रोग्राममध्ये बदला.

प्रश्न : रत्नागिरी-मुंबई रेल्वेप्रवास वारंवार होतो. बोगद्यांत ऑनलाइन गाणी तुटतात. वेगळा प्लेअर घ्यावा का? (रत्नागिरी)

उत्तर : एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे गाणी खिशातच हवीत. घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर आधी तो काढा. सिम काढून, विमान मोडवर टाकून, कार्डात गाणी भरली की दोन हजारांतल्या कुठल्याही प्लेअरपेक्षा तो सरस चालतो. मराठी नावं दिसतात आणि मोठं कार्डही चालतं. फक्त पाठ फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, बॅटरी बदलून घ्या.

नवाच घ्यायचा ठरला तर टाइप-सी पोर्टचे स्वस्त प्लेअर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होतात का, ते दुकानातच बघा. कित्येकांत पोर्टजवळचे ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर (छोटे सुटे भाग) पैसे वाचवायला गाळलेले असतात. ते नसले की चार्जर वीज सोडतच नाही आणि प्लेअर बिघडल्यासारखा वाटतो. अशा वेळी एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि ५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा चार्जर वापरा.