सीपॅप लागलं म्हणजे अपंगत्वाचा दाखला मिळतो का?

प्रश्न : माझे मिस्टर 47 वर्षांचे आहेत. रबाळे एमआयडीसीत पॅकिंग खात्यात आहेत, बरेचदा रात्रपाळी असते. स्लीप स्टडीत ताशी 42 वेळा श्वास अडतो असं निघालं आणि तीन महिन्यांपूर्वी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) घेतलं. मशीन लागलं की 50 टक्के अपंगत्व धरतात, असं नेटवर वाचलं. एक एजंट दाखला काढून देतो म्हणतोय, आठ हजार मागतोय. काय करावं? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आधी त्या एजंटला नाही म्हणा. 50 टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या भरपाईचा. आपल्याकडे दाखला मिळतो तो 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांपैकी एखादा असेल तरच, आणि झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया त्यात नाही. ताशी 30च्या पुढे आकडा गेला की आजार तीव्र समजतात. म्हणजे 42 तीव्रच. तरी मेडिकल बोर्डाकडे या आकड्याचे टक्के करायचं कोष्टकच नाही.

एजंटची युक्ती ठरलेली असते. दिव्यांग दाखल्याच्या सरकारी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज भरताना ‘दीर्घकालीन मज्जासंस्थेचा आजार’ या प्रकारावर टिक करायची. स्लीप स्टडीत डोक्याला वायरी लावतात, मेंदूचा आलेख असतो, त्यामुळे कागद वजनदार दिसतो. पण त्या वायरी झोप लागली की नाही हे बघायला असतात. अडतो तो घसा : झोपेत तिथले स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. बोर्डावरचे डॉक्टर पहिल्या पानावर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ (म्हणजे वाट अडल्यामुळे होणारा) हा शब्द वाचतात आणि अर्ज नामंजूर होतो. आठ हजार परत येत नाहीत.

मात्र सोबत पक्षाघाताने आलेला लुळेपणा, पार्किन्सन, मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा बुटकेपणा असेल, तर गोष्ट वेगळी. हे यादीत बसतात, आणि अशा रुग्णांना झोपेत श्वास अडण्याचा त्रासही बऱ्याचदा असतो. तेव्हा अर्ज त्या मूळ आजाराच्या नावाने करायचा. आधार, फोटो, सही आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करून रुग्णालय निवडा. ठाणे जिल्ह्यात बहुतेकांना सिव्हिल सोयीचं पडतं. नावनोंदणी क्रमांक जपून ठेवा. तपासणीला एमआरआय, डिस्चार्ज कार्ड असे मूळ आजाराचे कागद वर ठेवा, स्लीप रिपोर्ट खाली. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं. 40 टक्क्यांच्या खाली दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड निघतं, पण संजय गांधी निराधारसारख्या योजना 40पासूनच सुरू होतात.

मिस्टरांना यातलं काही नसेल, तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (सरकारी कामगार विमा योजनेची) कपात आहे का ते बघा. (पगार 21,000च्या आत असेल तर असायलाच हवी.) डॉक्टरांनी रजा सांगितली तर ईएसआयच्या दवाखान्यातून सर्टिफिकेट घ्या. आजारपणाचा भत्ता रोजच्या सरासरी वेतनाच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. अट अशी की सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनच्या आजारपणाला चालते. कंत्राटदार मधेच बदलला की इथेच घोळ होतो : विमा क्रमांक जुनाच पुढे चालवा, नवा काढू देऊ नका.

खरा उपयोग, कायम दिवसपाळी द्यावी असं कंपनीला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या पत्राचा. छातीच्या डॉक्टरांकडून ते घेताना सोबत मशीनचा रिपोर्ट जोडा; तो मशीनमधल्या कार्डावरून किंवा अ‍ॅपवरून निघतो. त्यात तीन आकडे बघतात : एकूण रात्रींपैकी 70 टक्के रात्रींना किमान चार तास वापर, मास्कमधून होणारी गळती, आणि मशीन लावूनही ताशी उरलेले अडथळे. हे पाचच्या आत हवेत. रात्रपाळीवाले एक चूक हमखास करतात. सकाळी घरी येऊन ‘जरा पडतो’ म्हणत बिनमशीनचे तीन तास झोपतात. ती झोप रिपोर्टात दिसत नाही, वापर कमी भरतो आणि साहेब म्हणतात, तुम्हीच मशीन लावत नाही. दिवसाच्या डुलकीलाही मास्क लागतो. तोंड उघडं राहून गळती वाढत असेल तर नाकाच्या मास्कऐवजी नाक-तोंड दोन्ही झाकणारा घेऊन बघा.

प्रश्न : मेडिक्लेमने सीपॅपचं बिल नाकारलं. भांडावं का? (एक वाचक, माजिवडा)

उत्तर : मशीनसाठी फारसं हाती लागणार नाही. न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत बहुतेक पॉलिसींत सीपॅप नावानिशी असतं, आणि केवळ तपासणीसाठी एक रात्र दाखल झालात तर तेही बिल कापतात. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं तसं नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 35 किंवा त्याहून जास्त, सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आणि बाकीचे उपाय करूनही वजन उतरलेलं नाही, असं असेल तर दावा बसू शकतो. 165 सेंमी उंचीला 35 म्हणजे साधारण 95 किलो. तेव्हा आहारतज्ज्ञाच्या भेटींच्या पावत्या तारखेवार फाइलला लावा. वजनाचे उपाय केल्याचा तोच पुरावा.