राजीनाम्याची धमकी देण्याआधी

तू वैमानिक आहेस; पगाराची बोलणी फिसकटली म्हणून लगेच दुसऱ्या विमान कंपनीचं नाव पुढे करू नकोस. आधी करारातले हमीचे तास बघ, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी महिन्याला किती तासांचे पैसे नक्की मिळतात ते. खरा वाद बहुतेकदा तिथेच असतो. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांचा असंतोष याच मुद्द्यावर होता: हमी ७० तासांवरून ४० वर येणार होती. महिन्यात ४५ तासच उड्डाण झालं, तर पहिल्या करारात ७० तासांचे पैसे मिळतात, दुसऱ्यात ४५ चेच. पावसाळ्यात गोव्याची उड्डाणं कमी होतात तेव्हा हा फरक फार बोचतो.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) २०१७ च्या नियमानुसार राजीनाम्याची नोटीस कमांडरला (मुख्य वैमानिकाला) एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) सहा महिने. सध्याच्या कंपनीने एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) दिली तरच ती कमी होते. नवी कंपनी तेवढं थांबेल का, हे लेखी घे. टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी कंपनीला लिहून दिलेला, बाँड किती उरलाय तेही तपास.

सगळ्यांनी मिळून आजारपणाची रजा टाकायची, हे मात्र अजिबात करू नकोस. ऐन वेळी उड्डाणं रद्द झाली तर २०१७ चा तोच नियम त्याला जनहिताविरुद्धचं कृत्य मानतो.

आणि घर पेडण्यात असलं तरी जवळचा मोपा विमानतळ बेस (कामाचं मुख्य ठिकाण) म्हणून मिळेलच असं गृहीत धरू नकोस. बेस मुंबई मिळाला तर लागणारं घरभाडं वजा करूनच आताच्या आणि नव्या पगाराची तुलना कर.