रविवारी न दुखणारं पोट

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा पाचवीत आहे. जूनअखेर शाळा उघडल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. व्हॅनचा हॉर्न वाजला की ओकारी येते. सोनोग्राफी नॉर्मल आहे. रविवारी मात्र ठणठणीत! हे म्हणतात, नाटकं करतो. सासूबाई म्हणतात, राहू दे घरी. काय करू?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, हे नाटक नाही. मनात धास्ती बसली की लहान मुलांचं पोट खरोखर दुखतं. रविवारी दुखत नाही, याचा अर्थ एवढाच की दुखण्याचं मूळ शाळेच्या वाटेवर कुठेतरी आहे.

"शाळेत का जायचं नाही?" असं विचारू नका, त्याला ते सांगता येणार नाही. रात्री मटार सोलताना, अंथरुणं घालताना त्याचा दिवस विचारा. व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं? डबा कोणासोबत खातो? कोणत्या तासाला पोटात गोळा येतो? जिथे तो घाईने "काही नाही" म्हणेल, तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा हळूच या. माझ्याकडे आलेली एक मुलगी सगळं भडाभडा बोलायची, मधल्या सुट्टीपाशी गप्प व्हायची. शाळेतल्या संडासाची कडी तुटली होती, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. कडी बसली आणि पोटदुखी गेली.

त्याला घरी ठेवू नका. घरी राहिलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण दुसऱ्या सकाळी भीती वाढलेली असते. अर्धा दिवस का होईना, जाऊ द्या. मारहाण किंवा नकोसा स्पर्श असेल तर गोष्ट वेगळी; तिथे आधी त्याची सुरक्षितता.

वर्गशिक्षिकेला शाळा सुटल्यावर एकटं भेटा, पोरांसमोर नको. वर्गात मार किंवा अपमान होत असेल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, झोप-जेवण तुटलं, तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा. "मी नकोच" अशी भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि या आठवड्यात यजमानांना त्याला गाडीवर सोडायला सांगा. पोट शांत राहिलं, तर चौकशी व्हॅनपासून सुरू करा.