‘मी फक्त बोललो’ एवढ्याने सुटका होत नाही

तुमची हकीकत थोडक्यात अशी: पार्किंगवरून भांडण झालं, रात्री तुम्ही मित्राला मेसेज टाकला, ‘फोड त्याच्या गाडीची काच, खर्च मी देतो.’ सकाळी त्याने खरंच फोडली. तुम्ही तेव्हा घरी झोपलेले. आता पोलिसांनी तुम्हालाही बोलावलंय आणि तुम्ही विचारताय, ‘मी हातही लावला नाही, मग माझ्यावर गुन्हा कसा?’

होऊ शकतो. बांधाच्या भांडणांतही हेच ऐकायला मिळतं. पुतण्यांना पुढे धाडणारे काका कोर्टात म्हणतात, ‘मी तर घरीच होतो.’ घरी असणं हा बचाव नाही. दुसऱ्याला असं गुन्ह्याला लावण्याला कायद्यात अपप्रेरणा म्हणतात. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १०७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ४५ आहे. चिथावणी देणं, कटात सामील होणं, जाणूनबुजून मदत करणं, यांपैकी काहीही एक पुरतं.

रागाच्या भरात माणूस बरंच बोलून जातो, हे न्यायालयांनाही कळतं. रमेशकुमार विरुद्ध छत्तीसगड या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, परिणाम घडावा असा हेतू नसताना रागात निघालेले शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. ते प्रकरण आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं होतं, पण हेतूचा मुद्दा तुमचा वकीलही मांडेल. मला काळजी वाटते ती ‘खर्च मी देतो’ या तीन शब्दांची. नुसतं ‘फोड’ असतं तर संताप म्हणता आलं असतं. पैशाची हमी दिली की काच फुटावी अशी तुमची इच्छा होती, असंच वाचणारा म्हणणार.

सांगितलेलं कृत्य त्या सांगण्यामुळे घडलं, तर कलम ४९ प्रमाणे सांगणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. नुकसान २०,००० ते १ लाखाच्या आत असेल तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मित्राने तुमचं ऐकलंच नसतं, तरी तुम्ही पूर्ण मोकळे नसता. कैदेच्या गुन्ह्याला चिथावलं आणि तो घडला नाही, तरी कमाल मुदतीच्या एक चतुर्थांशापर्यंत कैद आहे. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मात्र काच फोडताना त्याने आतला टेप चोरला असेल, तर ती चोरी सहसा तुमच्या माथी येत नाही. घर जाळायला सांगितलं आणि जाळणाऱ्याने चोरीही केली, तर सांगणारा चोरीचा दोषी नाही, असं उदाहरण कायद्यातच दिलंय.

हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला नाहीत, हे नशीब समजा. दहापेक्षा जास्त लोकांना गुन्ह्यासाठी चिथावलं तर कलम ५७ लागतं. जुन्या कायद्यात त्याला ३ वर्षं होती, आता ७ आहेत. (ग्रुप अ‍ॅडमिनची भीती मात्र उगाच पसरवली जाते. दुसऱ्याच्या पोस्टसाठी, समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय.)

आता कळकळीने सांगतो: तो मेसेज डिलीट करू नका. मित्राच्या फोनमध्ये तो आहेच, आणि पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा. ‘असं सांग, तसं सांग’ म्हणून मित्राला फोनही करू नका. बोलावणं नोटिशीने आलं असेल तर टाळू नका, पण जबाब देण्याआधी वकिलाला गाठा.

आणि गाडीमालकाशी बोला, शक्यतो कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घालून. फक्त खाजगी माणसाचं असं नुकसान झालं असेल तर हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, आणि मूळ गुन्हा मिटण्यासारखा असला की त्याची अपप्रेरणाही तशीच मिटते. तडजोड कशी नोंदवायची ते वकील सांगेल. तुम्ही आधी काचेचं बिल किती झालं ते विचारा.