वाचकांचे प्रश्न : सभागृहातला आवाज घरात कसा यावा?

प्रश्न : रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर मी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संगीत मनापासून ऐकू लागलो. संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या ‘आल्सो श्प्राख त्साराथुस्त्रा’ या वाद्यवृंदरचनेचे फ्रिट्झ रायनर यांच्या संचालनाखालील १९५४ सालचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे सीडीवर आहे. अशी जुनी मुद्रणे आता २४ बिटच्या, म्हणजे सीडीच्या १६ बिटपेक्षा बारीक नोंदीच्या, डिजिटल स्वरूपात बरीच जास्त किंमत घेऊन विकली जातात. ती घ्यावीत का? दुकानदार स्पीकरची वायरही बदलायला सांगतो आणि तिची किंमत माझ्या अ‍ॅम्प्लिफायरएवढी आहे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्याकडे असलेले मुद्रण मुळातच अव्वल आहे, आणि ते अव्वल का आहे हे समजले की आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. मार्च १९५४ मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तंत्रज्ञांनी मोजक्या मायक्रोफोनांच्या साहाय्याने शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाचे हे वादन टेपच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन पट्ट्यांवर, म्हणजे स्टिरिओत, घेतले. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला तेव्हा आणखी चार वर्षे होती. मर्क्युरी कंपनीचे सी. रॉबर्ट फाइन यांनी त्याआधी, १९५१ साली, त्याच वाद्यवृंदाचे राफाएल कुबेलिक यांच्या संचालनाखालील वादन एकाच मायक्रोफोनवर टिपले होते. लंडनच्या डेक्का कंपनीने संचालकाच्या डोक्याच्या वर, इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या चौकटीवर तीन मायक्रोफोन बसवण्याची पद्धत रूढ केली आणि ती आजही वापरली जाते.

या सर्वांनी सर्वाधिक विचार केला तो मायक्रोफोन कुठे आणि किती अंतरावर टांगायचा याचा. आपल्याकडे लग्नाचा बँड गल्लीच्या तोंडाशी असतो तेव्हा सगळी वाद्ये एकजीव ऐकू येतात. तोच बँड दारात आला की ट्रम्पेट कानात शिरतो आणि बाकीचे त्याखाली दबते. मायक्रोफोनचेही तसेच आहे. तो फार जवळ असेल तर वाद्ये सुटी पडतात, फार लांब असेल तर सभागृहाचा घुमारा सगळे गिळून टाकतो, आणि या दोन्हींच्या मधली नेमकी जागा सापडली की व्हायोलिनांचा ताफा, मागचे पितळी सुषिरवाद्य आणि भिंतींवरून परतणारा नाद हे सारे आपापल्या अंतरावर उभे राहते. ही जागा चुकलेली असेल तर नंतर कितीही बिट ओतले तरी ती सुधारत नाही.

आता बिटांविषयी. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल, या हिशोबाने सीडीच्या १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबलपर्यंत मावते. १९५४ च्या टेपची स्वतःची सरसर या सर्वांत हळू पातळीच्या पुष्कळ वर असते. म्हणजे २४ बिटमध्ये आपल्याला मिळेल ती मुख्यतः तीच सरसर, अधिक बारकाईने नोंदलेली. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नोंदी) हा वेगही सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर टिपतो. तरुण कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येत जाते. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना २४ बिटचा फायदा निश्चित होतो, कारण तिथे पातळी ठरवायला मोकळीक लागते. ऐकणाऱ्याने मात्र नवी आवृत्ती मूळ टेपवरून नव्याने आणि काळजीपूर्वक तयार केलेली आहे का, एवढेच पाहावे. तशी असेल तर ती जरूर घ्यावी, मग ती सीडीवर असली तरी चालेल. दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाज अगदी सारखा ठेवावा आणि कोणती चालू आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्यावे. थोडासा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो.

वायरीसाठी पैसे घालवू नयेत. चार-पाच मीटरसाठी पुरेशा जाडीची चांगली तांब्याची वायर बस्स आहे. तोच खर्च खोलीवर केल्यास फरक पहिल्याच दिवशी कळेल. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवावी. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी असेल तर टाळीमागून झणझण ऐकू येईल, आणि हीच झणझण प्रत्येक स्वराला चिकटते. मातीने सारवलेल्या जुन्या धाब्याच्या घरात ती इतकी जाणवत नाही. जाड पडदा, जमिनीवर गादी, मागच्या भिंतीवर एखादी गोधडी, पुस्तकांनी भरलेले कपाट, एवढ्याने पुष्कळ काम होते. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावेत. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा. आपल्या भागात मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरच्या घरघरीत वाद्यवृंदाचा सगळ्यात नाजूक भाग बुडून जातो, म्हणून असे संगीत उन्हाळ्यात पहाटे आणि एरवी थंडीत ऐकावे, असे मी आग्रहाने सांगेन. रायनर यांच्या त्या मुद्रणाच्या अगदी आरंभी ऑर्गन आणि डबल बासचा जो खोल खर्ज आहे, तो लहान स्पीकरांतून पूर्ण येत नाही. तो नीट ऐकायचा असेल तर मोठ्या स्पीकरांना पर्याय नाही.

प्रश्न : पियानोच्या काही मुद्रणांत खर्ज डाव्या कानात आणि तार उजव्या कानात येतो, काहींत पियानो एका जागी वाटतो. यातले योग्य कोणते? पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्या मुद्रणांत त्यांचे गुणगुणणेही ऐकू येते. याला दोष मानावे का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : डावा-उजवा असा पसरलेला पियानो वादकाच्या बैठकीवरून ऐकलेला असतो. सभागृहातल्या श्रोत्याला वाद्य बाजूने दिसते, झाकण त्याच्याकडे उघडलेले असते आणि नाद एका ठिकाणाहून येतो. मला दुसरी रीत अधिक खरी वाटते. गूल्ड यांनी बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ आणि १९८१ मध्ये न्यू यॉर्कच्या एकाच स्टुडिओत मुद्रित केली. ती जागा पूर्वी चर्च होती. त्यांचे गुणगुणणे ऐकू येते ते मायक्रोफोन जवळ असल्यामुळे, आणि ते वादनातूनच उमटलेले आहे, म्हणून मी त्याला दोष मानत नाही. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांच्या १९५८ च्या सोफिया येथील मैफलीत श्रोत्यांचा खोकला सतत ऐकू येतो, आवाजाचा दर्जाही सामान्य आहे. तरीही मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’चे ते वादन ज्याने ऐकले नाही त्याचा संग्रह अपुराच राहील.

यंत्र तपासायला मात्र पियानोसारखे वाद्य नाही. हातोडी तारेवर पडली की स्वर न हलता विरत जातो. टर्नटेबलचा (तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा) वेग थोडा जरी डळमळला तरी तो लांब स्वर हेलकावतो आणि चूक तत्काळ उघडी पडते.

प्रश्न : वडिलांच्या एलपी तबकड्या माळ्यावर आहेत. उन्हाळ्यात खराब होतील का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : पत्र्याखालच्या माळ्यावरून त्या आजच खाली आणाव्यात. तबकडीचे विनाइल उष्णतेने मऊ पडते आणि एकदा वाकलेली तबकडी सहसा पूर्ववत होत नाही. घरातल्या सर्वांत थंड खोलीत त्या उभ्या, सरळ ठेवाव्यात. कलत्या किंवा एकावर एक रचून ठेवू नयेत. कोरड्या सुती फडक्याने पुसल्यास स्थिर विद्युत वाढून धूळ उलट चिकटते, त्यासाठी कार्बन तंतूंचा ब्रश वापरावा. पावसाळ्यात आलेली बुरशी डिस्टिल्ड वॉटरने, खाचांच्या दिशेने, हलक्या हाताने काढावी.