डावा इंडिकेटर रुसला

प्रश्न : स्कूटरचा उजवा इंडिकेटर लागतो. डावे पुढचे-मागचे दोन्ही दिवे बंद, बटण दाबून धरलं तर कधीतरी लागतात. गॅरेजवाला फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा भाग) बदलायला सांगतोय. बदलू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नको. उजवी बाजू चालते म्हणजे फ्यूज आणि फ्लॅशर ठीक आहेत. ते दोन्ही बाजूंना सामाईक असतात. दाबून धरल्यावर दिवे लागतात, म्हणजे संशय स्विचवरच.

खात्री करा. हँडलचं कव्हर काढून स्विचचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवा. चावी चालू करून कपलरच्या गाडीकडच्या भागात फ्लॅशरकडून येणारी वायर आणि डावीकडची वायर तारेच्या तुकड्याने जोडा. (रंग कंपनीगणिक बदलतात, वायरिंगचा नकाशा बघा.) दिवे लुकलुकले तर स्विच खराब. नाहीच लागले तर दोन्ही बल्ब, वायर, अर्थिंग तपासा. करंट येतोय का ते बघायला मल्टिमीटरपेक्षा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला बल्ब) बरा. लुकलुकत्या करंटवर मीटरचा आकडा नाचत राहतो.

खाऱ्या वाऱ्यात स्विचच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. चावी बंद करून काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारा, बटण वीसेक वेळा डावी-उजवीकडे सरकवा. पट्टी काळी पडून खड्डा पडला असेल तर घासत बसू नका, स्विच बदला. रॉकेल मात्र नको, प्लास्टिक बिघडू शकतं.