सुराबायात एकाच वेळी दोन पर्सेबाया कसे होते?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियाच्या २०१४ सालच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या तक्त्यात सुराबाया शहराचा 'पर्सेबाया' दिसतो, पण २०१७ला तोच क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळतो आणि मधल्या काळात त्याचा पत्ताच नाही, हे कसं? आणि या क्लबचा एकूण इतिहास काय?

आधी सरळ उत्तर देतो. २०१४च्या तक्त्यातला पर्सेबाया हा मूळ पर्सेबाया नव्हे. नाव तेच, शहर तेच, जर्सी हिरवी, पण परवाना दुसऱ्याच क्लबचा. मूळ क्लबला तेव्हा फुटबॉल महासंघाने बाहेर ठेवलं होतं. हा घोळ नीट समजायचा तर थोडं मागे जावं लागेल. नोकरीमुळे मी सुराबायात राहिलो आणि तिथल्या सहकाऱ्यांमुळे या क्लबच्या नादी लागलो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

क्लबची स्थापना १८ जून १९२७ची. पाइजो आणि एम. पामुजी या दोघांनी एसआयव्हीबी नावाची संघटना काढली. सत्ता डचांची होती आणि शहरात गोऱ्यांची फुटबॉल संघटना आधीपासून होती. स्थानिक पोरांना आपल्या हक्काची संघटना हवी होती. पुढे १९ एप्रिल १९३० रोजी योग्याकार्तात सात शहरांच्या अशा संघटना एकत्र आल्या आणि पीएसएसआय हा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. त्या सातांत सुराबाया होतं. अध्यक्ष झाले सुरातिन नावाचे अभियंते. देश स्वतंत्र व्हायला अजून पंधरा वर्षं होती, पण या महासंघाच्या नावात 'इंडोनेशिया' आधीच आलं होतं. ज्या महासंघाने पुढे पर्सेबायाला बाहेर काढलं, तो याच क्लबच्या पूर्वजांनी मिळून उभारला होता, हे ध्यानात ठेवा. सुराबायात भेटलेल्या प्रत्येक चाहत्याने मला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली.

१९४३ला, जपानी अमलात, नाव पर्सिबाया झालं, १९६०ला पर्सेबाया. त्या काळी पर्सेबाया हा आज आपण म्हणतो तसा क्लब नव्हताच. शहरातले पुष्कळ छोटे क्लब सदस्य असायचे, आपसांत स्पर्धा खेळायचे आणि त्यांतून निवडलेली पोरं शहराच्या नावाने 'पर्सेरिकातान' या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायची. १९५१, १९५२, १९७८ आणि १९८८ अशी चार विजेतेपदं त्या पद्धतीतली. शहराला हा संघ आपल्या मालकीचा का वाटतो, त्याचं मूळ इथे आहे. खेळाडू गल्लीतून वर आलेले असायचे.

आता मैदानाबद्दल, कारण मराठी वाचकाने इथे थांबायलाच हवं. तांबाकसारी भागातलं जुनं स्टेडियम म्हणजे गेलोरा १० नोव्हेंबर. २०१०ला उघडलेलं नवं स्टेडियम म्हणजे गेलोरा बुंग तोमो. दोन्ही नावं १९४५च्या सुराबायाच्या लढाईतली. बुंग तोमो हे रेडिओवरून शहराला लढायला उभं करणारे नेते, आणि १० नोव्हेंबर हा ब्रिटिश फौजांनी शहरावर मोठा हल्ला चढवला तो दिवस. त्याआधी, ऑक्टोबरच्या अखेरीस, ब्रिगेडियर मॅलबी यांच्या हाताखाली जी ४९वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड शहरात उतरली होती, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. साम्राज्याच्या हुकमावरून आपल्याकडचे जवान दुसऱ्याच्या स्वातंत्र्यलढ्यात बंदूक घेऊन उभे होते. मॅलबी ३० ऑक्टोबरला तिथे मारले गेले, आणि त्या चकमकींत भारतीय जवानही मोठ्या संख्येने पडले. सुराबायात मी मराठी आहे म्हटल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी हा विषय स्वतःहून काढला. आवाजात राग अजिबात नव्हता, पण माहिती मात्र पक्की होती. तेव्हापासून त्या स्टेडियमच्या पाटीखालून जाताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

पुन्हा खेळाकडे. पर्सेबायाच्या इतिहासात एक काळा दिवस आहे आणि तो लपवून उत्तर देणं बरोबर नाही. २१ फेब्रुवारी १९८८. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर पर्सेबाया पर्सिपुरा जयापुराकडून ०-१२ असा हरला, आणि तोही ठरवून. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात सेमारांगच्या पीएसआयएसने पर्सेबायाला १-० हरवलं होतं. पर्सिपुरा मोठ्या फरकाने जिंकला तर पीएसआयएस पुढच्या फेरीतून बाहेर पडत होता. तसंच झालं. महिनाभराने, २७ मार्चला, पर्सेबायाने जादा वेळेत जकार्ताच्या पर्सिजाला ३-२ हरवून विजेतेपद घेतलं. नियमात बसलं असेल, पण ते विजेतेपद मला कधी पूर्ण आनंदाने मोजता आलेलं नाही. सुराबायात त्यावर दोन मतं आजही ऐकू येतात.

त्याच सुमारास 'जावा पोस' या स्थानिक वृत्तपत्राने चाहत्यांना झुंडीने जकार्ताला न्यायला सुरुवात केली आणि त्यांना 'बोनेक' हे नाव चिकटलं. खिशात दमडी नसताना केवळ जिद्दीवर निघणारा, असा त्याचा जावानीज अर्थ. बोनेकांचं दुसरं रूपही खरं आहे. तिकिटाविना रेल्वेच्या टपावर बसून जाणं, स्टेशनावर फेरीवाल्यांचं अन्न लुटणं, जानेवारी २०१०मध्ये बांडुंगला जाताना सोलोजवळ झालेली दगडफेक. देशभर त्यांची भीती होती, आणि ती उगाच नव्हती.

मैदानावर १९९७चा संघ मला सगळ्यात आवडतो. प्रशिक्षक रुस्दी बहालवान, जे १९७८च्या विजेत्या संघात खेळले होते. आघाडीला ब्राझीलचा जॅकसन टियागो, त्या मोसमात २६ गोल. बचावात बेजो सुगियांतोरो. अंतिम सामन्यात बांडुंग रायाला ३-१. पुढे क्लब खाली घसरला, २००३ला पुन्हा वर आला आणि २००४ला थेट विजेता ठरला. त्या वेळी बाकावर प्रशिक्षक म्हणून हाच जॅकसन टियागो होता. शेवटच्या दिवशी पर्सिजाला २-१ हरवलं, तेव्हा मकासरचा पीएसएम आणि पर्सेबाया दोघांचे ६१ गुण झाले आणि गोलफरकावर निकाल लागला.

या दोन विजेतेपदांच्या मधली एक घटना. ३ एप्रिल २००० रोजी तांबाकसारीत योग्याकार्ताच्या पीएसआयएमविरुद्धच्या सामन्यात मधल्या फळीतला एरी इरियांतो धडक बसून बाहेर आला आणि त्याच रात्री दवाखान्यात मरण पावला. वय २६. त्याची १९ नंबरची जर्सी क्लबने कायमची बाजूला ठेवली. खेळाडूंच्या वसतिगृहाचं नाव 'विस्मा एरी इरियांतो' झालं. बेजो त्याचा जिवलग. आपल्या मुलाचं नाव त्याने रहमत इरियांतो ठेवलं होतं. हा मुलगा पुढे पर्सेबायाकडून खेळला आणि देशाकडूनही. बेजो स्वतः २५ फेब्रुवारी २०२५ रोजी एका साध्या मैत्रीपूर्ण सामन्यात खेळताना कोसळला आणि मरण पावला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. २००९-१०च्या मोसमाअखेर पर्सेबाया घसरणीच्या उंबरठ्यावर होता. केदिरीच्या पर्सिकविरुद्धचा सामना बाकी होता, तो पर्सिकला भरवता येईना. तारखा आणि जागा बदलत गेल्या आणि शेवटी सामना दुसऱ्या बेटावर, पालेमबांगला ठेवला. पर्सेबायाने जायला नकार दिला. महासंघाने ३-० असा पराभव लिहिला आणि क्लब खाली गेला. पेलिता जाया हा संघ घसरणीतून वाचावा म्हणूनच हे केलं, असा सुराबायाचा तेव्हापासूनचा आरोप आहे.

रागाने पर्सेबायाच्या व्यवस्थापनाने महासंघाच्या मान्यतेबाहेरच्या नव्या लीगची वाट धरली. इकडे महासंघाच्या अधिकृत दुसऱ्या श्रेणीत 'पर्सेबाया' नावाचा संघ उतरलाच. तो कालीमंतानमधल्या पर्सिकुबार या क्लबचा परवाना सुराबायात आणून उभा केलेला. मूळ क्लबाला नावापुढे वर्ष जोडावं लागलं: पर्सेबाया १९२७. त्या नव्या लीगच्या जागी आलेल्या २०११-१२च्या प्रीमियर लीगमध्ये तो सेमेन पादांगच्या मागे दुसरा आला. २०१३ला ही प्रीमियर लीग आणि 'सुपर लीग' एकत्र करायचं ठरलं तेव्हा पर्सेबाया १९२७ला जागाच मिळाली नाही. दुसरा पर्सेबाया २०१३ला दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि २०१४ला सर्वोच्च लीगमध्ये खेळला. तुम्ही पाहिलेला तक्ता तोच.

आणि इथे बोनेकांनी जे केलं त्यासाठीच मला हा क्लब जवळचा वाटतो. समोर सर्वोच्च लीगचा, शहराचंच नाव लावणारा, जिंकणारा संघ होता. बहुसंख्य चाहत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ज्या क्लबला खेळायला स्पर्धाच नव्हती, त्याच्यासाठी ते रस्त्यावर राहिले. ऑगस्ट २०१६मध्ये हजारो बोनेक महासंघाच्या बैठकीसाठी जकार्ताला धडकले. आश्वासन मिळालं. त्याच वर्षीच्या अधिवेशनात विषय पुन्हा बाजूला पडला, आणि तारीख होती १० नोव्हेंबर! शेवटी ८ जानेवारी २०१७ रोजी बांडुंगच्या अधिवेशनात पर्सेबायाचं सदस्यत्व परत मिळालं. तिथेही हजारो गेले होते. बांडुंगच्या पर्सिब क्लबच्या चाहत्यांशी त्यांची जुनी मैत्री, त्यांनीच पाहुणचार केला.

न्यायालयीन लढाईत नावही मूळ क्लबच्या कंपनीकडे राहिलं. दुसऱ्या संघाला 'पर्सेबाया' सोडावं लागलं: आधी बोनेक एफसी, मग सुराबाया युनायटेड, मग पोलिसांच्या संघात विलीन होऊन भायांगकारा. हाच भायांगकारा २०१७चा देशाचा विजेता.

मूळ पर्सेबायाने त्या वर्षी पुनरागमनाचा पहिला सामना १९ मार्चला बुंग तोमो स्टेडियमवर घेतला. पाहुणा संघ कोण, तर पीएसआयएस सेमारांग, १९८८ला ज्यांचा घात झाला तेच. १-० जिंकले. क्लबचे ७० टक्के समभाग 'जावा पोस'शी संबंधित कंपनीने घेतले, ३० टक्के जुन्या सदस्य-क्लबांच्या सहकारी संस्थेकडे राहिले. अध्यक्ष अझरुल आनंदा. ऐंशीच्या दशकात चाहत्यांना जकार्ताला नेणाऱ्या दाहलान इस्कान यांचे ते चिरंजीव. २८ नोव्हेंबरला पीएसएमएस मेदानला जादा वेळेत ३-२ हरवून दुसरी श्रेणी जिंकली, आणि २०१८पासून क्लब वर आहे. मार्सेलिनो फर्दिनान आणि रिझकी रिधो हे राष्ट्रीय संघातले खेळाडू इथूनच पुढे आले.

१ ऑक्टोबर २०२२ची कांजुरुहान दुर्घटना टाळून हा इतिहास पुरा होत नाही. मलांगला पर्सेबायाने कट्टर प्रतिस्पर्धी आरेमाला ३-२ हरवलं. पाहुण्या चाहत्यांना प्रवेशबंदी होती, स्टेडियमवर फक्त आरेमाचे लोक होते. काही जण मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, दारांपाशी चेंगराचेंगरी झाली. १३५ जीव गेले. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्यांच्यासाठी सुराबायात बोनेकांनी मेणबत्त्या लावून प्रार्थना केली. माझ्या ओळखीतल्या एकानेही त्या विजयाचा उल्लेख पुन्हा केला नाही.

तेव्हा आकडेवारी वाचताना एवढं सांभाळा: मूळ पर्सेबायाची राष्ट्रीय विजेतेपदं १९५१, १९५२, १९७८, १९८८, १९९७ आणि २००४. २०१३ची दुसरी श्रेणी आणि २०१४ची सुपर लीग दुसऱ्या संघाच्या खात्यातली. काही संकेतस्थळांवर ती अजूनही पर्सेबायाच्याच नावावर दिसतात. दोन पर्सेबायांच्या त्या काळातल्या नोंदीबद्दल शंका आली तर संघाच्या नावापुढे १९२७ आहे का, तेवढं बघा.